सोनकीची गौर

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या काकीच्या गडग्यावरचं सगळं तण उपटून टाकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी न सांगितलेली कामं करायची मला फार हौस आहे. सांगितलेली कामं माझ्याच्यानं होत नाहीत, यावर आमच्या घरात एकमत आहे.

झालं असं, की नागावातल्या निम्म्या लोकांसारखे आम्हीही मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्या दिवशी पुण्याचे पाहुणे यायचे होते आणि फाटकातून आत आलं की पहिला दिसतो तो काकीचा गडगा. काळ्या दगडांचा, बिनचुन्याचा, कमरेइतका उंच. त्याच्या फटीफटींतून हिरवं रान माजलेलं, वर शर्टाच्या बटणाएवढी पिवळी फुलं. मी विळा घेतला, तासाभरात गडगा साफ केला, उपटलेलं सगळं खतखड्ड्यात टाकलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. कुणीतरी येऊन शाबासकी देईल, अशी माझी समजूत होती.

काकी बाहेर आली. गडग्याकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दाराच्या पायरीवर बसली आणि काहीच बोलली नाही.

मी घाबरलो तो तेव्हा. कारण काकी काही बोलली नाही, असं त्याआधी आमच्या आळीत कधी झालेलं नव्हतं.

काकीचं एक वाक्य होतं. "आमच्यात न्हाय चालत." उजवा हात आडवा करून, हवेत एक रेघ मारून ती ते म्हणायची. यातलं 'आमच्यात' म्हणजे नेमकं कोणात, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कधी ते तिचं घर असायचं, कधी आळी, कधी सगळा अलिबाग तालुका. एकदा पुण्याच्या एका पाहुण्याने आमच्या अंगणात बसून नखं कापली, तेव्हा त्या 'आमच्यात' पुणंसुद्धा आलं.

उंबऱ्यावर उभं राहून काही द्यायचं नाही. दिवेलागणीनंतर मीठ मागायचं नाही. ओल्या केसांनी विहिरीवर जायचं नाही. माझी बायको लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने वालाच्या बिरड्यात टोमॅटो घातला. वास कसा गेला देव जाणे, पण काकी मागच्या दारात हजर.

"बिरड्यात टोमॅटो? आमच्यात न्हाय चालत, पोरी."

"काकी, हे आमच्याकडचं बिरडं आहे," बायको म्हणाली. नवीन होती, म्हणून बोलली.

"तेच सांगते. तुमच्यात पन न्हाय चालत."

काकीचा नवरा, म्हणजे आमचे काका, एसटीत होते. रिटायर झाल्यावर त्यांनी बोलायचंच सोडलं. घरात तशी गरज नव्हती. 'बरं' एवढा एक शब्द त्यांना पुरायचा. पण बिरड्याचा दिवस असला, की काकीची दुपारची झोप लागल्यावर ते आमच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहायचे. बायको वाटी पुढे करायची. काका उभ्याउभ्या टोमॅटो घातलेलं बिरडं खायचे, वाटी स्वतः धुवायचे, "बरं" म्हणायचे आणि जायचे. कित्येक वर्षं हे चाललं. काकीला याचा पत्ता लागला नाही, असा आम्हा तिघांचा पक्का विश्वास होता.

आता त्या पिवळ्या फुलाकडे येतो. तुम्ही ते पाहिलं असेल. पाऊस सरत आला, की गावामागच्या डोंगरावर, जिथे दुसरं काही धड उगवत नाही अशा कातळाच्या उतारावर, चिमूटभर मातीत सोनकी उगवते. दिसायला सूर्यफुलासारखी, पण सूर्यफूल कुणीतरी गरम पाण्यात धुतल्यावर आटावं, तेवढी. आळीतल्या बाकी सगळ्यांच्या गौरी तेरड्याच्या असतात. तेरडा शेताच्या बांधावर मिळतो, त्याला चढायला लागत नाही. काकीच्या घरची गौर मात्र सोनकीची. कातळावरून, मुळासकट, थोड्या मातीसकट आणायची. का, असं मी लहानपणी विचारलं होतं. "आमची गौर डोंगरात ऱ्हाते," काकी म्हणाली होती. "तेरड्यात यायला ती काय अशीतशी हाय?"

गौर आणायची रीत आमच्या आळीत काकीच्या ताब्यात होती. घरच्या बाईनं आणायची. जिथून गौर घ्यायची तिथेच तोंडात पाणी धरायचं आणि उंबरा ओलांडेपर्यंत बोलायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर गौर परत जाते. दारात आली की पायांवर पाणी, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग कुंकवाच्या पावलांवरून आत. आणि हे सगळं करणारी सवाशीण हवी.

माझे वडील गेले त्या वर्षी आई नेहमीप्रमाणे बांधावर जायला निघाली. हातात तांब्या होता. काकीनं हात आडवा केला.

"वहिनी, तुम्ही ओटीवरच थांबा. सूनबाई आनेल. आमच्यात न्हाय चालत."

आईनं तांब्या माझ्या बायकोच्या हातात दिला आणि ओटीवर बसली. तेव्हापासून गौरी यायच्या दिवशी तिची जागा तीच. ती त्यावर कधी काही बोलली नाही. माझी आई फार कमी बोलते. पण जे बोलायचं असतं ते ती टाकून देत नाही, जपून ठेवते.

काही वर्षांनी काका गेले. बिरडं होतं त्या दिवशी. वाटी ओट्यावर झाकून ठेवलेली राहिली.

त्या वर्षी काकीची गौर आणायला तिची सून पनवेलहून आली. चांगली मुलगी आहे, पण सकाळी निघून दुपारी पोचलेली, आणि डोंगर बघून तिला घाम फुटला. तिनं पनवेलच्या बाजारातून पिवळ्या शेवंतीचा गुच्छ आणला होता, रिबन बांधलेला. तोच घेऊन ती फाटकापासून दारापर्यंत आली, आणि तोंडात पाणी होतं म्हणून आलेला फोन उचलला नाही, हे तिनं मागून दोनदा सांगितलं. काकी दाराच्या बाजूला, भिंतीला लागून उभी होती. काय करावं ते न कळलेली. मग ती अंगण ओलांडून आमच्या ओटीपाशी आली.

आईनं बाजूची सतरंजी झटकली.

"बस गो," ती म्हणाली. "इथून पन बरी दिसते गौर."

एवढंच. आवाजात राग नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं असणार. काकी बसली. दोघी समोर बघत होत्या. रिबन बांधलेली गौर आत जात होती.

त्यानंतर काकी बदलली, असं मी लिहिलं असतं. पण ती मुळीच बदलली नाही. स्वतः केलेला नियम मोडायची तिची तयारी नव्हती. तिनं त्यात पळवाट शोधली. थंडी संपता संपता ती एकटीच डोंगरावर गेली. सोनकी वाळून तिच्या बोंडांतून कापूस सुटला होता, तो पदरात भरून आणला. शेणात कालवला आणि बोटानं गडग्याच्या फटीफटींत भरला. मी विचारलं, "काकी, भिंत सारवतेस का?" म्हणाली, "तुला काय करायचंय?" मला खरंच काही करायचं नव्हतं. मी विसरून गेलो.

आणि गौरी यायच्या आदल्या दिवशी विळा घेऊन गेलो.

"मूर्खा," आई ओटीवरून म्हणाली, "तिनं गौर लावली व्हती ती."

काकी पायरीवर बसून हळूहळू बोलायला लागली, वकील जसा आपला हरलेला मुद्दा सांगेल तशी. गौर बाहेरून आणायची असते. आणायची, म्हणून आणणारी सवाशीण लागते. पण गौर जर आपणच दारात येऊन उगवली, तर आणायचा प्रश्न कुठे येतो? हात पुढे करून आत घ्यायची, एवढंच. पाहुणा दारात आला तर त्याला आत कोण घेतं, याला नियम नाही. तिनं सगळं तपासून बघितलं होतं.

"चांगली आलेली रे बाला," ती म्हणाली. "काल कल्या फुटल्या व्हत्या."

या खेपेला सून येणार नव्हती. तिचे दिवस भरत आले होते. माझी बायको म्हणाली, "काकी, मी आणते तुमची गौर."

काकीचा हात लगेच आडवा झाला. "दोन घरच्या गौरी एका हातात? आमच्यात न्हाय चालत."

मला जरा बरं वाटलं. म्हणजे काकी शुद्धीवर होती. पण तिचा हात तसाच आडवा राहिला आणि त्यातलं बोट माझ्याकडे वळलं.

"ज्यानं उपटली त्यानं आनायची."

"मी? पुरुषानं?"

"आमच्यात चालतं," काकी म्हणाली.

'न्हाय' गाळलेलं ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. असा नियम कुठेही नव्हता. तो त्या क्षणी, माझ्यासाठी, जन्माला आला होता.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचे पोहे बायकोवर टाकून मी डोंगर चढायला लागलो. पुढे काकी, सत्तरी ओलांडलेली, अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या. मागे मी, बुटात. तिचा तोल एकदाही गेला नाही. माझा किती वेळा गेला ते सांगत नाही. ऊन पडलं होतं आणि कातळ तापायला लागला होता. उतारावर सगळीकडे सोनकी. गडग्यावर मला जे तण वाटलं होतं, ते इथे एकदम देखणं दिसत होतं. माझी नजर अशीच आहे. वस्तू तिच्या जागी ठेवून दाखवल्याशिवाय मला कळत नाही.

काकीनं स्वतः हात लावला नाही. कुठली उपटायची ते बोटानं दाखवलं, मी उपटली. पिवळा भारा माझ्या दोन्ही हातांत दिसला तसा तिनं तांब्या माझ्या तोंडाला लावला.

"भर तोंड. आता उंबऱ्यापतूर बोलायचं न्हाय, गिलायचं न्हाय, वलायचं न्हाय. चल."

मी निघालो. मागे तांब्यातून पाण्याचा गुळगुळ आवाज आला. तहान लागली असेल, असं मला वाटलं.

उतरताना काकी मागे होती आणि अवाक्षर बोलत नव्हती. "पाय सांभाळ" नाही, "हळू" नाही, "आमच्यात असं चालत न्हाय" नाही. अर्ध्या वाटेवर मला काळजी वाटायला लागली. बाईला भोवळ आली असेल, बसली असेल कुठे दगडावर. पण वळायचं नाही. विचारायचं नाही. गाल फुगवून, हातात फुलं धरून, पन्नाशीचा माणूस डोंगरावरून उतरतो आहे आणि त्याच्या मागे एक म्हातारी आहे की नाही हे त्याला माहीत नाही, अशी एकंदर परिस्थिती होती.

तसाच रस्त्याला लागलो. सुट्ट्यांचे दिवस, गाड्यांची रांग. एक मोठी पांढरी गाडी माझ्याजवळ थांबली, काच खाली झाली.

"भैया, बीच किधर से?"

मी हनुवटीनं दाखवलं.

"किधर?"

"उं," मी पुन्हा हनुवटी वळवली.

मागच्या सीटवरून एक बाई म्हणाली, "अरे, छोड़ो ना. मुँह में गुटखा भरा है."

गाडी चालवणारा हसला. "अंकल, थूक के बोलो ना!"

माझ्यात सद्गुण फार नाहीत. पण मी गुटखा खात नाही. तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. आयुष्यात मिरवावं असं हे एकच, आणि तेच त्या माणसानं भर रस्त्यात, गौरीच्या देखत, काढून घेतलं. माझ्या तोंडातलं सगळं पाणी त्याच्या काचेवर गेलं.

"मी गुटखा खात नाही!" मी ओरडलो. "सुपारीसुद्धा खात नाही!"

काच वर गेली. गाडी गेली. मग मला आठवलं. आणि आठवल्यावर माणूस जे करतो ते मी केलं. मागे वळून बघितलं. म्हणजे उरलासुरला नियमही मोडला.

काकी तिथेच, माझ्या मागे उभी होती. मी कान पाडून शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या नाहीत. तिचे गाल फुगलेले होते. दोन्ही. तोंडात पाणी होतं. डोंगरावरून इथपर्यंत, सगळ्या वाटेनं.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिनं रिकामा तांब्या माझ्या हातात दिला, पदर पसरला, माझ्या हातातली सोनकी त्यात घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

आळीत सगळ्या बायका दारात होत्या. काकीच्या उंबऱ्यापाशी माझी बायको पाण्याची कळशी आणि भाकरतुकडा घेऊन तयार. माझी वाट बघत होती, हसू दाबून. आणि समोरून आली काकी, पदरात गौर घेऊन, मागे मी तांब्या घेऊन. बायकोचा हात थांबला. तिनं बाकीच्या बायकांकडे बघितलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

आमच्या आळीत 'न्हाय चालत' म्हणणारी एकच बाई होती, आणि तिच्या तोंडात पाणी होतं.

काकी उंबऱ्याबाहेर उभी. डोळे खाली. पदराची मूठ इतकी आवळलेली, की दोन फुलं देठातून सुटून पायरीवर पडली. तिला आत जाता येत नव्हतं आणि मागे फिरता येत नव्हतं.

"बघतेस काय?" आमच्या ओटीवरून आई म्हणाली. "ओत पानी तिच्या पायांवर. गौर किती येल दारात उभी ऱ्हाईल?"

बायकोनं पाणी ओतलं.

संध्याकाळी काकी नैवेद्याचं ताट घेऊन आमच्याकडे आली आणि ओटीवर, आईच्या शेजारी बसली. आईनं ताट पुढ्यात ओढलं. मग काकी म्हणाली, "वहिनी, त्या वर्षी मी तुम्हांला..."

"बिरड्यात टोमॅटो घातलायस तू," आई घास चावत म्हणाली.

काकी फाटकाकडे बघत राहिली. "ह्यांना आवडायचा," ती म्हणाली.

मी आणि बायकोनं एकमेकांकडे बघितलं. कित्येक वर्षं मागच्या दारानं चाललेला आमचा तो कारभार!

पुढे हा किस्सा मी आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना सांगायला लागलो. सांगता सांगता त्यात थोडा बदल झाला. मी रस्त्यात पाणी थुंकलो ते मुद्दाम, काकीला गौर हातात घेता यावी म्हणून, असं मी सांगतो. पाहुण्यांना ते आवडतं. एक बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, की असे पुरुष आता राहिले नाहीत. बायको तेव्हा चहा देत होती. ती नेमकी माझ्या कपात साखर घालायची विसरली.

यंदा होळीच्या आधी काकी गेली. फार झोपून राहिली नाही. आदल्या आठवड्यात दवाखान्यात तिला भेटायला गेलो तर मी खाटेवर बसलो म्हणून तिनं हात आडवा केला. शब्द फुटले नाहीत. मी उठून स्टुलावर बसलो. तिच्या मुलानं घराला कुलूप लावलं, चावी आमच्याकडे दिली, आणि जमलं तर अंगण साफ ठेवा, असं सांगून गेला. नेमकं मला.

मी कशालाच हात लावला नाही. श्रावण संपता संपता गडग्याच्या फटींतून हिरवं दिसायला लागलं. काकीनं गेल्या थंडीत पुन्हा शेण कालवलं होतं, की मी खड्ड्यात फेकलेल्यातलं काही वाऱ्यानं उडालं होतं, मला माहीत नाही. गौरी यायच्या दिवशी सगळा गडगा पिवळा झाला होता. समोर बंद दार.

सकाळी बायको बांधावर जायला तेरड्यासाठी टोपली शोधत होती. मी फाटकात उभा. तेवढ्यात आई ओटीवरून उठली. तांब्या घेतला, काठी टेकत अंगण ओलांडलं आणि गडग्यापाशी गेली. फटीतून सोनकीचं एक एक रोप, मुळासकट, थोड्या मातीसकट काढलं. काढताना दगडाला हात लावून जरा वेळ थांबली. मग तांब्या तोंडाला लावला आणि वळून आमच्या घराकडे चालायला लागली. पदरात पिवळी फुलं, गाल फुगलेले.

"आई, अगं तू..." मी म्हणालो.

आई बोलली नाही. बायकोनं टोपली खाली ठेवली आणि धावत आतून कळशी आणली.

मी बायकोच्या कानाशी लागलो. "अगं, पण आपल्यात हे चालतं का?"

तिनं आईच्या पायांवर पाणी ओतलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. आई उंबरा ओलांडून आत गेली, तेव्हा कुठे बायको माझ्याकडे वळली.

"एवढ्या दोन म्हाताऱ्यांना जमलं," ती म्हणाली. "तुम्हीही एकदा तोंड बंद ठेवून बघा."